हॉटेलच्या ‘फ्री नाईट’साठी वर्षाला ३,५४० रुपये भरावेत का? (मॅरियट बॉनवॉय एचडीएफसी कार्ड)

सिन्नरकर

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितोय, कारण निर्णय एकट्याने होत नाहीये.

दर तीन महिन्यांनी मी बाबांना तपासणीसाठी नवी मुंबईला नेतो. वय ७४, दोन्ही गुडघे दुखतात. समृद्धी महामार्ग आमणेपर्यंत सुरू झाल्यापासून प्रवास पुष्कळ सोपा झालाय, पण सकाळी साडेआठचा नंबर असला की आदल्या रात्री वाशीत मुक्काम करावाच लागतो. दोन वर्षं एकाच लॉजवर उतरतो. २,८०० रुपये, खोली स्वच्छ, मालक माणूस म्हणून चांगले. अडचण एवढीच की खोली पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही आणि न्हाणीघरात शिरताना चार बोटं उंच उंबरा. मागच्या खेपेला बाबा रात्री दोनला उठले, मी जागा होतो म्हणून दंड धरता आला.

कंपनीतल्या एका सहकाऱ्याकडे मॅरियट बॉनवॉय एचडीएफसी बँकेचं क्रेडिट कार्ड आहे. वर्षाची फी ३,००० आणि वर जीएसटी, त्याच्या बदल्यात पहिल्याच वर्षी हॉटेलात एक रात्र. तो म्हणतो, नऊ-दहा हजारांची खोली साडेतीन हजारांत पडते, डोळे झाकून घे. मलाही बँकेकडून कार्ड मिळण्यासारखं आहे.

माझा कार्डावरचा खर्च महिन्याला २५,००० च्या आसपास, बिल दर महिन्याला पूर्ण भरतो. विमानप्रवास जवळजवळ नाहीच. सध्या ॲमेझॉन पे आयसीआयसीआयचं फुकट कार्ड वापरतो. घेऊ का? ज्यांनी प्रत्यक्ष वापरलंय त्यांनी सांगावं.

हिशेबी

सिन्नरकर, माझ्याकडे हे कार्ड पहिल्या वर्षापासून आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये बाजारात आलं ते. सहकाऱ्याने सांगितलं ते खोटं नाही, पण अर्धंच सांगितलंय.

फी ३,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ३,५४०. फी लागून पहिला व्यवहार झाला की काही आठवड्यांनी बॉनवॉय (मॅरियट हॉटेलांची सदस्य-योजना) खात्यात एक फ्री नाईट जमा होते. तिची मर्यादा १५,००० पॉइंट. ज्या हॉटेलात त्या तारखेला साध्या खोलीचा भाव १५,००० पॉइंट किंवा त्याहून कमी दिसेल तिथं ती वापरता येते. दुसऱ्या वर्षी फी भरली की पुन्हा एक. मधल्या काळात खर्च ६ लाखांवर गेला तर आणखी एक, ९ लाखांवर एक, १५ लाखांवर एक. सोबत बॉनवॉयमधला सिल्व्हर सदस्य-दर्जा, वरच्या दर्जासाठी मोजल्या जाणाऱ्या दहा रात्रींचं क्रेडिट, विमानतळावरच्या लाउंजच्या देशात १२ आणि परदेशात १२ भेटी. विमानप्रवास नाही म्हणताय, तेव्हा लाउंज तुमच्या हिशेबातून वजाच करा.

आता तुमचा खर्च. २५,००० महिना म्हणजे वर्षाला ३ लाख, म्हणून ६ लाखांचा टप्पा विसरा. साध्या खर्चावर १५० रुपयांमागे २ पॉइंट मिळतात. ३ लाखांवर झाले ४,०००. (प्रवास, जेवण, करमणूक यावर ४, मॅरियटच्या हॉटेलात ८. इंधन, घरभाडं, वॉलेट यावर काही नाही.)

एका पॉइंटची किंमत काढायची रीत सोपी आहे. ज्या रात्री राहायचंय त्या रात्रीचं करांसकट भाडं भागिले त्या रात्रीचे पॉइंट. समजा भाडं ७,९००. सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० पर्यंतच्या खोलीला जीएसटी ५ टक्के आणि त्यावर गेलं की १८. म्हणजे ९,३२२. तीच खोली १४,००० पॉइंटला दिसत असेल तर एक पॉइंट ६६ पैशांचा. तुमचे वर्षाचे ४,००० पॉइंट झाले साधारण २,६५० रुपयांचे. आणि तुमचं सध्याचं फुकट कार्ड १ टक्क्याने ३ लाखांवर ३,००० देतं. थोडक्यात, रोजच्या किराण्यासाठी हे कार्ड तुमच्या उपयोगाचं नाही. ते खिशात ठेवायचं फक्त त्या एका रात्रीसाठी.

मग ‘फ्री नाईट’ हा शब्द बाजूला ठेवा. ३,५४० रुपयांना एक रात्र आगाऊ विकत घ्यायची का, एवढाच प्रश्न उरतो.

शेवंती

हिशेबींनी आकडे बरोबर मांडलेत. मी मुदतीबद्दल लिहिते, कारण तिथं मी हात पोळून घेतलेत.

माझं कार्ड दुसऱ्या एका हॉटेल साखळीचं होतं, नाव लिहीत नाही. तिथंही वर्षाला एक रात्र मिळायची. मुदत ३१ मार्चची. मी ११ मार्चला बुकिंग केलं, राहायची तारीख १२ एप्रिल धरली, मुलाची परीक्षा संपल्यावर म्हणून. मला वाटलं मुदतीच्या आत बुक केलं की झालं. हॉटेलच्या दारात कळलं की मुदतीच्या आत *राहून* व्हायला हवं होतं. रात्र गेली ती गेली. सुटीचे दिवस, मुलगा बॅग धरून उभा, आम्ही पूर्ण भाडं भरून राहिलो.

मॅरियटच्या कार्डाचा नियमही असाच आहे, मुक्काम मुदतीच्या आत पुरा व्हावा लागतो. त्यामुळे सिन्नरकर, रात्र खात्यात पडली त्या दिवशीच शेवटची तारीख कागदावर लिहून फ्रिजवर लावा.

आणि रात्र ज्याच्या खात्यात, त्याने स्वतः मुक्कामाला जायचं असं धरून चाला. तुम्ही बाबांबरोबर असताच, म्हणून तुमचं जमेल.

पावसाळी

सहकाऱ्याच्या बाजूने बोलतो. ९,३२२ ची खोली ३,५४० मध्ये मिळाली तर ५,७८२ वाचले. यात चूक काय? मी दरवर्षी जुलैत, आठवड्याच्या मधल्या दिवशी जातो, तेव्हा भाव उतरलेले असतात. ल मेरिडियन महाबळेश्वरसारखं ठिकाण सुटीच्या दिवसांत त्या मर्यादेत मिळणं अवघडच, पण धो धो पावसात मधेच कधी संधी निघते. भाव मर्यादेच्या थोडा वर गेला तर खात्यातले पॉइंट जोडता येतात, ठरावीक मर्यादेपर्यंत. म्हणजे २२,००० पॉइंटची खोली असेल तर रात्र आणि वर ७,००० पॉइंट.

हिशेबी

पावसाळी, तुमच्यापुरतं बरोबर आहे. तुम्ही तसंही दरवर्षी जुलैत बाहेर पडता आणि त्या दर्जाच्या हॉटेलला पैसे मोजता. सिन्नरकर वाशीत ९,३२२ मोजणारच नव्हते, ते २,८०० मोजत होते. त्यांच्या खिशातून जे जाणार होतं तेवढंच वाचणार. त्यांनी कार्ड घेतलं तर पहिल्या वर्षी २,८०० वाचवायला ३,५४० देतील. रुपयांत ७४० चा तोटा.

कार्डाची जाहिरात खोलीची छापील किंमत दाखवते, आणि आपण ती आपल्या खिशात आल्यासारखी मोजतो. माझ्या ओळखीत दोघांनी या हिशेबावर कार्ड घेतलं आणि रात्र वापरायची म्हणून गोव्याची सहल काढली. ३,५४० वसूल करायला पेट्रोल, टोल, जेवणखाण मिळून पंधरा-सोळा हजार घातले.

पावसाळी

मान्य. पण मग त्या ७४० मध्ये लिफ्ट आणि उंबरा नसलेलं न्हाणीघर येतं, हेही धरा की. लॉज आणि हॉटेल एकच वस्तू नाही. ७४ वर्षांच्या माणसाला रात्री नीट चालता येणं याची किंमत शून्य कशी?

हिशेबी

शून्य नाही. ती किंमत सिन्नरकरांनी ठरवायची, तुम्ही-मी किंवा बँकेने नाही. मी म्हणतोय ती ठरवताना ७४० समोर असावेत, ५,७८२ नकोत.

निवृत्त शाखाधिकारी

बँकेत ३१ वर्षं काढली, त्यातली शेवटची बरीचशी किरकोळ कर्जाच्या टेबलावर. दोन-तीन गोष्टी सांगतो.

सिन्नरकर, तुम्ही बिल पूर्ण भरता हे वाचून बरं वाटलं. हा सगळा हिशेब त्या एका सवयीवर उभा आहे. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या पुढे असतं. ‘मिनिमम ड्यू’ भरून ३०,००० पुढं ढकलले तर एका महिन्यात हजाराच्या वर व्याज, शिवाय नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. तीन-चार महिन्यांत ती रात्र गिळली जाते. माझ्या टेबलासमोर बसलेली माणसं उधळी नव्हती. एखादा महिना आजारपणाचा आला की गणित चुकायचं. तुमच्या घरी तपासण्या चालू आहेत म्हणून मुद्दाम लिहितोय.

दुसरं, कार्ड नको झालं तर बंद करण्याचा हक्क पक्का आहे. रिझर्व्ह बँकेचे नियम सांगतात की थकबाकी नसेल तर अर्ज केल्यापासून सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद झालं पाहिजे, नाही तर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. फोनवर नुसतं ‘बंद करा’ म्हणून थांबू नका, लेखी करा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. फी लागण्याआधी महिनाभर विचार करा, लागल्यावर नव्हे.

तिसरं, पॅन कार्डावर जसं नाव आहे तसंच बॉनवॉय खात्यात लिहा. आधी कधी उघडलेलं जुनं खातं असेल तर दुसरं काढू नका.

शेवंती

काका, हे नावाचं फार महत्त्वाचं सांगितलंत. आमच्याकडे लग्नाआधीचं आडनाव आणि नंतरचं यात एक रात्र तीन आठवडे अडकली होती.

एडिसनकर

न्यू जर्सीतून लिहितोय. धागा वाचताना इथल्या आणि तिथल्या पद्धतीतला फरक जाणवला.

इथं बोनस म्हटलं की खर्चाची अट आलीच. पहिल्या तीन महिन्यांत काही हजार डॉलर कार्डावर फिरवा, मग पॉइंट. रकमा मोठ्या असतात, म्हणून लोक एकामागोमाग एक कार्डं घेतात आणि बँकाही त्यावर लक्ष ठेवतात. चेस बँकेचं माहीत असेल, चोवीस महिन्यांत पाच नवी कार्डं घेतली असतील तर सहसा पुढचं देत नाहीत. माझ्याकडे त्यांचं हयात हॉटेलांचं कार्ड आहे. वर्षाला ९५ डॉलर आणि दरवर्षी पहिल्या चार श्रेणींतल्या हॉटेलात एक रात्र. श्रेणी आधीपासून ठरलेल्या असल्याने कुठं वापरता येईल ते कळतं. मॅरियटने २०२२ मध्ये आपला श्रेणींचा तक्ताच काढून टाकला, आता भाव विमानाच्या तिकिटासारखा रोज हलतो. त्यामुळे कार्ड घ्यायच्या *आधी* ॲपमध्ये जाऊन तुम्हाला लागणाऱ्या तारखांना, लागणाऱ्या हॉटेलात पॉइंट किती दिसतात ते बघणं हाच खरा अभ्यास. सदस्यत्व फुकट आहे, कार्ड नसलं तरी दिसतं.

पहिल्या वर्षी मी अट पुरी करायला सोफा घेतला होता. घरात आधीचा सोफा धड होता. बोनसची रात्र आम्ही वापरली, छान होती, पण सोफ्याचे हप्ते त्यानंतर सात महिने चालू होते. तुमच्या कार्डाला पहिल्या रात्रीसाठी मोठ्या खर्चाची अट नाही, ही मला त्यातली सर्वांत चांगली गोष्ट वाटते.

सिन्नरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. एडिसनकरांनी सांगितल्याप्रमाणे काल रात्री दीड तास बसून पाहिलं. पुढच्या चार तपासण्यांच्या अंदाजे तारखा धरल्या, सगळ्या मंगळवार-बुधवार. वाशी स्टेशनकडचं फोर पॉइंट्स (हे मॅरियटचंच हॉटेल) पाहिलं, शिवाय पुण्याला चुलत्यांकडे जाणं होतं म्हणून तिथली दोन. आठवड्याच्या मधल्या बहुतेक रात्री १५,००० च्या आत दिसतात. शनिवार लावून पाहिला तर वर गेले. आम्हाला शनिवार लागतच नाही.

हिशेबी, तुमचे ७४० रुपये मी वहीत लिहिले आणि शेजारी लिहिलं ‘उंबरा’. बायको म्हणाली, उंबऱ्यासाठी ७४० जास्त नाहीत, पण मग सगळ्या चार खेपांचं काय? एकच रात्र मिळणार. तिचा प्रश्न बरोबर आहे. बाकी तीन वेळा लॉजच.

अजून एक विचारायचंय. सकाळचा नाश्ता त्या रात्रीत येतो का? आणि हे कार्ड डायनर्सचं (व्हिसासारखीच दुसरी कंपनी) आहे, ते औषधाच्या दुकानात चालतं का?

हिशेबी

नाश्ता धरू नका. सिल्व्हरला नाश्ता नाही, गोल्डलाही नाही, तो प्लॅटिनमपासून, आणि प्लॅटिनमला वर्षाला ५० रात्री लागतात. खोलीभाड्यावरचा कर मी वापरली तिथं वेगळा लागला नाही.

डायनर्स मोठ्या दुकानांत चालतं, लहान ठिकाणी मशीन नाही म्हणतं. क्यूआर कोडवर तर चालणारच नाही, क्रेडिट कार्डांपैकी यूपीआयला फक्त रुपे जोडता येतं. जुनं कार्ड सोबत ठेवा.

तुमच्या पत्नींच्या प्रश्नावर एक सुचवतो. एक रात्र मिळणार म्हटल्यावर ती कोणत्या खेपेला लावायची ते निवडा. ज्या तपासणीनंतर बाबांना जास्त थकवा येतो ती.

पावसाळी

आणि बुकिंग झाल्यावर हॉटेलला थेट फोन करा. ॲपमध्ये न्हाणीघराचा उंबरा दिसत नाही. ‘चालताना त्रास आहे, शॉवरला पायरी नसलेली खोली हवी, लिफ्टजवळ’ असं स्पष्ट सांगा. आदल्या दिवशी पुन्हा फोन.

सिन्नरकर *(साडेपाच महिन्यांनी)*

ज्यांनी वेळ दिला त्यांना पुढचं कळवणं माझं कर्तव्य आहे.

कार्ड घेतलं. पहिला व्यवहार ४१२ रुपयांचा, गिरणीचं पीठ आणि तेल. रात्र जमा व्हायला बरेच आठवडे लागले, त्यामुळे मधली तपासणी लॉजवरच झाली. घाईत असणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. शेवंतीताईंचं ऐकून शेवटची तारीख फ्रिजवर लावली.

रात्र एमआरआयच्या खेपेला लावली. फोन दोनदा केला होता. खोली लिफ्टपासून तिसरी, शॉवरची जागा फरशीच्या पातळीत, भिंतीला धरायला नळी. बाबा दारातून आत शिरले आणि कॉटवर न बसता आधी न्हाणीघर बघून आले. पाय सरकवून पाहिला, नळी दोनदा हलवून पाहिली आणि म्हणाले, “घट्ट आहे.” रात्री ते दोनदा उठले, मला कळलंच नाही. हे मला सकाळी त्यांनी सांगितलं तेव्हा मी थोडा वेळ काही बोललो नाही. दोन वर्षांत वाशीत मी सलग झोपलो अशी ती पहिली रात्र.

नाश्ता तिथं घेतला नाही. एमआरआयआधी त्यांना उपाशीच राहायचं होतं, मग मीही थांबलो. खोलीतल्या किटलीत त्यांच्यासाठी नुसतं कोमट पाणी केलं. बिल शून्य आलं.

पावसाळी, तुम्ही म्हणालात ते खरं, लॉज आणि हॉटेल एक वस्तू नाही. हिशेबी, तरीही वहीत मी ७४० चा तोटाच लिहिलाय, ५,७८२ चा नफा नाही. किराणा जुन्याच कार्डावर चालू आहे.

निवृत्त शाखाधिकारी

वाचून समाधान वाटलं. बाबांना नमस्कार सांगा. दुसऱ्या वर्षाचं काय ठरवलंत?

सिन्नरकर

काका, फी लागायच्या महिनाभर आधीची तारीख फोनमध्ये घातली आहे. तेव्हा ठरवू असंच वाटत होतं. पण परवा डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून सांगितलं की आता तीन महिन्यांनी यायची गरज नाही, सहा महिन्यांनी या. पुढच्या वर्षी वाशीत दोनच मुक्काम. लॉजच्या मालकांनाही फोन करून विचारलं, तळमजल्यावरची एक खोली ते पावसाळ्यानंतर दुरुस्त करून घेणार आहेत, उंबरा काढायला सांगितलाय. ती झाली तर कार्ड बंद करण्याचा अर्ज लेखीच देईन.

शेवंती

तळमजल्याची खोली झाली की इथं कळवा. माझ्या सासूबाईंना जानेवारीत तिकडेच न्यायचंय.

सिन्नरकर

नक्की, ताई. मालकांचा फोन आला की लिहितो.